ही शांतता कोणाची?

गेल्या वर्षी एका सहकारिणीच्या वार्षिक आढाव्यात मी लिहिलं, "काम नेटकं, वेळेवर. पण नवी जबाबदारी घ्यायला कचरते." लिहिताना हात जराही अडखळला नाही. वर्षभराचा अनुभव गाठीशी होता. एखादं काम सुचवलं की ती गप्प व्हायची. नाही म्हणायची नाही आणि हो सुद्धा म्हणायची नाही. मग मीच म्हणायचे, राहू दे, दुसऱ्या कोणाला तरी विचारते. तिला उगाच संकोचात टाकायला नको, असं मनापासून वाटायचं.

आढावा वाचून तिने मला एकच प्रश्न विचारला, "मी नाही कधी म्हटलं?"

मला एकही प्रसंग नेमका सांगता आला नाही. "तसं जाणवायचं," एवढंच म्हणाले. त्यावरही ती गप्प राहिली आणि मला वाटलं, बघा, हेच ते.

आमचा गट चार-पाच देशांत विखुरलेला. ती डेन्मार्कची, मी मराठी, बाकीचे आणखी कुठले कुठले. आठवड्यातून एकदा पडद्यावर भेटायचं आणि इंग्रजीत बोलायचं. इंग्रजी माझीही मातृभाषा नाही, तिचीही नाही. आम्ही प्रत्यक्ष कधी भेटलेलोच नव्हतो.

त्याच सुमारास मी संभाषण-विश्लेषणाचा एक अभ्यासक्रम करत होते. शेवटचा स्वाध्याय असा होता: खऱ्याखुऱ्या बोलण्याची दहा-बारा मिनिटं ध्वनिमुद्रित करायची, आणि ती जशीच्या तशी कागदावर उतरवायची. जशीच्या तशी म्हणजे खरोखर तशी. अडखळणं, ओढलेला स्वर, अर्धवट तुटलेला शब्द, हसणं, श्वास, आणि दोन बोलण्यांच्या मधली शांतता सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजून. मी आमची साप्ताहिक बैठक निवडली. खरं सांगते, मला पुरावा हवा होता. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यापुढे ठेवायचं होतं.

सगळ्यांची लेखी परवानगी घेतली. तिनेही दिली, पण दोन अटी घालून. उतरवलेला मजकूर आधी तिला दाखवायचा, आणि तिच्या बाजूने तिच्या यंत्रावर ती वेगळं ध्वनिमुद्रण करणार. मी लगेच हो म्हटलं. एकाच बैठकीची दोन मुद्रणं कशाला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

अकरा मिनिटं उतरवायला मला तीन आठवडे लागले. रोज रात्री दोन तास. प्रात नावाची एक मोफत संगणक-प्रणाली आहे, अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी तयार केलेली. डच भाषेत या शब्दाचा अर्थच बोलणं असा होतो. तिच्यात आवाज लावला की पडद्यावर लाट दिसते. शब्द असेल तिथे फुगवटा, नसेल तिथे सपाट रेघ. त्या सपाट रेघेच्या एका टोकावर खूण करायची, दुसऱ्या टोकावर करायची, की मधला वेळ आकड्यात दिसतो. उतारा लिहायची चिन्हं गेल जेफरसन या संभाषण-अभ्यासिकेने रूढ केलेली. कंसात आकडा म्हणजे तितक्या सेकंदांची शांतता. कंसात नुसता ठिपका म्हणजे मोजता येणार नाही इतकी छोटी. चौकटी कंस म्हणजे दोघांचं बोलणं एकावर एक आलेलं. अक्षरापुढे विसर्गासारखे ठिपके म्हणजे स्वर ओढलेला. ओळीत ठिपका आणि मग 'ह' म्हणजे आत घेतलेला श्वास.

पहिल्या आठवड्यात तिच्याबद्दल काहीच हाती लागलं नाही. सापडले ते माझे हुंकार. अकरा मिनिटांत सदतीस. समोरचा बोलतोय आणि मी "हं", "हं हं", "या या", "राइट" असं मधे मधे म्हणतेय. माझ्या कानाला हे कधी ऐकूच आलं नव्हतं. गोष्ट सांगणाऱ्याला कोणी हूं म्हटलं नाही तर तो थांबतो आणि विचारतो, ऐकतोयस ना? ज्या बोलण्यात मी वाढले त्यात हुंकार म्हणजे माझं लक्ष आहे, पुढे बोल. जपानी भाषेत याला आयझुची म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी लोहारशाळेतलं चित्र आहे: तापलेल्या लोखंडावर दोघांनी आळीपाळीने घातलेले घण. एकाचा पडला की दुसऱ्याचा पडलाच पाहिजे, नाहीतर घडण बिघडते. मला हे चित्र फार आवडलं. पण पडद्यावरच्या बैठकीत घणांची ती लय जमत नाही. दोन्हीकडून एकाच वेळी आवाज आला की यंत्रणा पुष्कळदा त्यातला एक दाबते. माझा प्रत्येक हुंकार कोणाच्या तरी शब्दावर पडत होता आणि तो शब्द खात होता. मुद्रणात एका ठिकाणी स्पष्ट दिसतं: ती वाक्य सुरू करते, मी कौतुकाने "हं हं" म्हणते, तिचा आवाज अर्ध्या अक्षरावर कापला जातो, आणि ती थांबते. माझं लक्ष आहे हे सांगताना मी तिला थांबवत होते.

भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात एका सणाच्या जेवणाच्या वेळी सहा जणांच्या गप्पा मुद्रित केल्या होत्या, त्यांचं विश्लेषण आम्हाला अभ्यासाला होतं. त्यात त्या स्वतः धरून तिघे न्यूयॉर्कमध्ये वाढलेले होते. ते एकमेकांच्या बोलण्यात घुसायचे, प्रश्नांवर प्रश्न टाकायचे, आणि त्यांना वाटायचं किती रंगल्यात गप्पा. बाकीच्यांना वाटायचं, हे आपल्याला बोलूच देत नाहीत. वाचताना मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलं. हुंकारांच्या वेळी मी न्यूयॉर्कवाल्यांच्या बाजूची होते, यात शंका नव्हती.

मग मोजणीकडे वळले. पुरावा शोधायचा तो इथेच. अकरा मिनिटांत मी तिला काम सुचवणारे चार प्रश्न विचारले होते. चारही ठिकाणी माझा प्रश्न, मग शांतता, मग पुन्हा मीच. शांतता अनुक्रमे एक, एक पूर्णांक एक, शून्य पूर्णांक नऊ आणि पुन्हा एक पूर्णांक एक सेकंद. घड्याळावर हे काहीच नाही. बोलण्यात मात्र फार मोठं. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या हो-नाहीच्या प्रश्नांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॅनिश, डच, इटालियन, इंग्रजी, जपानी, कोरियन, लाओ, मेक्सिकोतली त्सेल्ताल, पापुआ न्यू गिनीजवळच्या एका बेटावरची येली, आणि नामिबियातली एक भाषा. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतची फट सर्व भाषा मिळून सरासरी साधारण दोनशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागू शकतो. आणि एखादं चित्र पाहून त्याचं नाव उच्चारायला माणसाला जवळपास सहाशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते. दोन माणसं बोलताना किती जवळ असतात एकमेकांच्या!

याच कामातून पुढे आलेली दुसरी गोष्ट अशी की होकार लवकर येतो आणि नकार उशिरा. नकार देणारा आधी थांबतो, श्वास घेतो, "म्हणजे", "तसं नाही पण" असं काहीतरी पुढे ढकलतो आणि मग नकारावर येतो. म्हणून शांतता लांबली की ऐकणाऱ्याला नकाराची चाहूल लागते, आणि पुष्कळदा तो स्वतःच प्रश्न मागे घेतो, समोरच्याची सुटका करतो. मी हेच तर करत होते. "नाहीतर राहू दे, मी दुसऱ्या कोणाला विचारते." चारपैकी चार वेळा. मला माझा पुरावा मिळाला होता.

त्या अभ्यासात डॅनिश भाषेचा आकडा दहांमध्ये सर्वांत मोठा आहे, सरासरी ४६९ मिलिसेकंद. जपानीचा सर्वांत छोटा, फक्त ७. तो आकडा दिसल्यावर मी मनाशी ठरवूनच टाकलं: डेन्मार्कची माणसं सावकाश उत्तर देतात, ही त्याहून सावकाश, प्रश्न मिटला. मी तसं टिपणात लिहिलंही, जाड अक्षरात.

आमच्या शिक्षिकांनी तो परिच्छेद वाचला आणि शांतपणे विचारलं, "ती डॅनिशमध्ये बोलत होती का?"

नव्हती. समोरासमोरही बसलेली नव्हती. आणि तो आकडा असंख्य उत्तरांची सरासरी होता, कोणा एका बाईचं माप नव्हतं. मी एका देशाचा आकडा उचलून एका माणसाच्या कपाळावर चिकटवला होता.

मग त्यांनी माझ्या उताऱ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. मी असं लिहिलं होतं:

मी: हा भाग शुक्रवारपर्यंत होईल का?
ती: (१.१)
मी: नाहीतर राहू दे, मी दुसऱ्या कोणाला—

"ही शांतता तिची, हे कशावरून ठरवलंत?"

मला प्रश्नच कळला नाही. मी विचारलं, ती बोलली नाही, तर शांतता तिचीच ना? त्या म्हणाल्या, कागदावर शांतता कोणत्या ओळीत लिहायची हा निर्णय असतो. माणूस बोलता बोलता थांबला तर ती त्याच्या ओळीत जाते, कारण बारी अजून त्याचीच आहे. एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायच्या मधली असेल तर ती दोघांमधली, म्हणून वेगळ्या ओळीत, कोणाचंही नाव न घालता. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४ च्या निबंधात बोलण्याच्या पाळ्यांचा विचार मांडला, त्यात या शांततांचे प्रकार वेगळे केलेले आहेत. "तुम्ही तिच्या नावापुढे आकडा लिहिलात," त्या म्हणाल्या, "म्हणजे निकाल आधी दिलात आणि उतारा नंतर केलात."

मी घरी येऊन चारही ठिकाणचं तिचं नाव खोडलं. नुसता आकडा राहिला, मधल्या ओळीत, कोणाचाच नसलेला. आणि आश्चर्य म्हणजे तोच उतारा वेगळा दिसायला लागला. आधी वाटत होतं, ती गप्प आहे. आता दिसत होतं, आम्ही दोघी थांबलोय, आणि त्यातली एक दर वेळी आधी धीर सोडतेय.

एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये संस्कृतींची जी मांडणी केली ती मला अभ्यासक्रमाच्या आधीपासून माहीत होती. काही समाजांत अर्थ शब्दांत भरलेला असतो, काहींमध्ये तो भोवतालच्या परिस्थितीत, नात्यात, न बोललेल्यात असतो. पहिल्या टोकाकडे त्यांनी स्कँडिनेव्हियन लोकांना ठेवलं आणि दुसऱ्या टोकाकडे जपानी लोकांना. अशा ढोबळ वाटण्यांवर माझा फारसा विश्वास नाही. एकाच घरातली दोन माणसं त्या पट्टीच्या दोन टोकांना बसू शकतात. पण त्या रात्री ती मांडणी मी पहिल्यांदा स्वतःला लावून पाहिली. तिच्या हिशेबात नकार हा शब्द होता. म्हणून तर तिने विचारलं होतं, मी नाही कधी म्हटलं? माझ्या हिशेबात नकार म्हणजे उशीर होता. मी ज्या बोलण्यात मोठी झाले त्यात "नाही" हा शब्द क्वचितच उच्चारला जातो. "बघते" म्हणतात. "बघूया" म्हणतात. "सांगते नंतर" म्हणतात. किंवा काहीच म्हणत नाहीत, आणि समोरचा काय ते समजतो. ते समजून घेणं हाच त्याचा समजूतदारपणा. मी समजूतदारपणे तिच्या शांततेतून नकार वाचत होते, जो तिथे कोणी लिहिलेलाच नव्हता.

याचीच उलटी बाजूही मुद्रणात निघाली. एका सहकाऱ्याने मला एक अहवाल मागितला आणि मी म्हटलं, "आय विल सी." माझ्या मनात शब्दशः "बघते" होतं. म्हणजे जमेलसं वाटत नाही. त्याने ते वहीत लिहून घेतलं, हे त्याच्या पुढच्या वाक्यावरून कळतं: "गुड, सोमवारी मिळेल तर." मी त्याला दुरुस्त केलं नाही. त्याला कळलं असेल असंच मी धरून चालले. तो सोमवार मला आठवतो. त्याने अहवाल मागितला तेव्हा मला त्याच्या घाईचा राग आला होता.

आणि "वुई". इंग्रजीत "वुई शुड फिनिश धिस" म्हटलं की त्यात ऐकणारा आहे की नाही हे शब्दावरून कळत नाही. मराठीत कळतं. आम्ही म्हटलं तर तू नाहीस, आपण म्हटलं तर तू आहेस. मी ते वाक्य अकरा मिनिटांत सहा वेळा वापरलं आणि दर वेळी माझ्या मनात आपण होतं. ऐकणाऱ्यांपर्यंत काय पोचलं, ते सहाही ठिकाणी कोणी काहीच न बोलल्यामुळे सांगता येत नाही. त्या सहा शांतताही मी मधल्या ओळीत लिहिल्या.

आता दुसऱ्या मुद्रणाबद्दल. तिची फाइल माझ्याकडे आठवडाभर पडून होती. माझा उतारा जुळतोय का एवढंच तपासायला म्हणून मी ती उघडली. शुक्रवारचा प्रश्न काढला, त्यानंतरची सपाट रेघ मोजली, आणि मला वाटलं खूण चुकली. पुन्हा मोजली. माझ्या मुद्रणात एक पूर्णांक एक. तिच्या मुद्रणात शून्य पूर्णांक सात.

समजायला वेळ लागला, समजल्यावर मात्र अगदी साधं होतं. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचायला सेकंदाचे दोन दशांश लागत होते आणि तिचा माझ्यापर्यंत यायला आणखी दोन. ती माझा प्रश्न ऐकल्यापासून सात दशांशांत बोलायला लागत होती. माझ्या कानाला मात्र त्यात जाण्या-येण्याचा वेळ मिळून अकरा दशांश पडत होते. ते चार दशांश तिच्या स्वभावाचे नव्हते, संस्कृतीचेही नव्हते. ते तारेचे होते. आवाज पोचायला एका दिशेने दीडशे मिलिसेकंदांपर्यंत लागले तर बहुतेकांना खटकत नाही, असं दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत धरलेलं आहे. आमचा त्याहून जास्त लागत होता. आणि त्याची गंमत नव्हे, त्याचं दुःख असं की शेवटचा भाग दोघींना वेगळा ऐकू आला होता. माझ्याकडच्या मुद्रणात आम्ही दोघी एकाच क्षणी बोलायला लागतो, ती थांबते, मी पुढे जाते. तिच्याकडच्या मुद्रणात ती एकटीच बोलायला लागते, "आय कॅन" म्हणते, आणि मग चार दशांशांनी माझा आवाज तिच्यावर येऊन आदळतो: "नाहीतर राहू दे."

मी हेडफोन लावून ते अनेकदा ऐकलं. वर्षभर तिला हे ऐकू येत होतं. ती "मी करू शकते" म्हणायला तोंड उघडायची आणि मी काम काढून घ्यायचे.

उतारा दाखवण्याची अट होती, म्हणून तिला वेळ विचारून घेतली. त्या आधी वर्गात आमच्या शिक्षिकांनी जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञांच्या कामातला एक प्रसंग सांगितला होता. सत्तरच्या दशकात लंडनच्या एका मोठ्या विमानतळावरच्या उपाहारगृहात भारत-पाकिस्तानातून आलेल्या काही बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. जेवण वाढताना त्या "ग्रेव्ही" म्हणायच्या, स्वर खाली उतरवून. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या कानाला ते "ही घ्या ग्रेव्ही" असं फेकल्यासारखं वाटायचं, कारण विचारायचं असेल तर त्यांच्या इंग्रजीत स्वर वर चढतो. या बायका उद्धट आहेत असं सगळ्यांचं मत झालं होतं. गम्पर्झ यांनी दोन्ही बाजूंचं मुद्रण सगळ्यांना एकत्र बसवून ऐकवलं. त्या बायका आधी म्हणाल्या, दोन्ही सारखंच तर आहे. मग हळूहळू फरक त्यांच्या कानात शिरला, आणि लोकांच्या चेहऱ्यावर आपल्याबद्दल जे दिसायचं ते कशामुळे हेही लक्षात आलं. हा प्रसंग ऐकल्यापासून मला एक गोष्ट करायची होती: उतारा नुसता पाठवायचा नाही, तिच्यासोबत बसून ऐकायचा.

ऐकायला बसलो. मी तिला दोन्ही मुद्रणं एकामागून एक लावून दाखवली, आकडे दाखवले, चार दशांशांचं सांगितलं. ती ऐकत होती. मी हुंकार देत नव्हते. ओठ मिटून बसले होते आणि ते फार अवघड जात होतं. सगळं संपल्यावर ती म्हणाली, तिच्या फाइलमधला तो तुकडा पुन्हा लाव. लावला. "आवाज वाढव." वाढवला. "आता ऐक, तुझा प्रश्न संपल्यावर लगेच."

मला काहीच ऐकू आलं नाही. आणखी एकदा लावला. मग लाटेकडे पाहिलं. सपाट रेघेत, प्रश्न संपल्यापासून तीन दशांशांवर, एक बारीकसा उंचवटा होता. मी तो पाहिलेला होता. श्वास म्हणून सोडून दिलेला होता.

"तो श्वास नाही," ती म्हणाली. "ते हो आहे."

स्कँडिनेव्हियातल्या भाषांमध्ये श्वास आत घेता घेता "या", म्हणजे हो, म्हणण्याची पद्धत आहे. आवाज बाहेर टाकायचा नाही, आत ओढायचा. ऐकणाऱ्याला सवय असेल तर तो सरळ होकार असतो, सवय नसेल तर दचकल्यासारखा श्वास. ती इंग्रजी बोलतानाही तो तसाच यायचा, नकळत. आणि बैठकीच्या प्रणालीत पार्श्वभूमीचे आवाज गाळण्याची सोय चालू होती. पंख्याचा आवाज, कीबोर्डचा आवाज, श्वासाचा आवाज. माझ्याकडच्या मुद्रणात त्या जागी रेघ अगदी सपाट आहे. उंचवटा फक्त तिच्याकडच्या मुद्रणात आहे, कारण तो तिच्या खोलीत मुद्रित झाला.

चारही ठिकाणं तपासली. तीन ठिकाणी तो होता. चौथ्या ठिकाणी नव्हता. तिथे तिला खरंच शंका होती, हे तिनेच सांगितलं, आणि तेव्हा मी काम काढून घेतल्याचं बरं वाटलं होतं असंही म्हणाली.

मी तिची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही, आणि या वेळी मी वाट पाहिली. किती सेकंद ते मोजलं नाही. मग ती म्हणाली, तिला वर्षभर वाटत होतं की मी प्रश्न फक्त उपचार म्हणून विचारते, काम दुसऱ्याला द्यायचं आधीच ठरलेलं असतं. शेवटी शेवटी तिने उत्तर द्यायची घाई करणंच सोडलं होतं. म्हणजे त्या सात दशांशांतले काही माझेही असणार.

त्या आढाव्याची फाइल तोपर्यंत बंद झाली होती. मूळ वाक्य बदलता येत नाही, फक्त पुरवणी जोडता येते. मी दोन पानांची पुरवणी जोडली आणि सोबत उतारा लावला. बैठकीत आता प्रश्न विचारल्यावर मी हात मांडीखाली ठेवते आणि मनात तीनपर्यंत मोजते. आवाज गाळण्याची सोय आम्ही दोघींनी बंद केली आहे. तिच्या खोलीतल्या खुर्चीची कुरकुर ऐकू येते, आणि अधूनमधून तो आत ओढलेला होकार.

शुक्रवारची ती ओळ अंतिम प्रतीत अशी आहे:

मी: हा भाग शुक्रवारपर्यंत होईल का?
(०.३)
ती: .या
(०.२)
ती: आय कॅन [फि—
मी:         [नाहीतर राहू दे, मी दुसऱ्या कोणाला—